कापसाच्या दिवसांतली बंद खोली

केळझरच्या गणपतीचे दर्शन घेऊन परतत होतो. रस्त्याकडेच्या बाभळींवर रुईचे पुंजके अडकलेले दिसले आणि कापसाचे दिवस सुरू झाल्याची खूण पटली. वरपर्यंत कापूस भरलेल्या गाड्या बाभळींना घासून जातात, तेव्हा प्रत्येक काटा आपल्यापुरते काढून घेतो. दरवर्षी काही महिने त्या झाडांना असा परका, पांढरा मोहर येतो. माझ्या यजमानांनी गाडीची काच खाली केली. रुईची एक बारीक तार आत तरंगत आली आणि माझा हात आपोआप पुढे गेला. ती मी हवेतच चिमटीत धरली, बोटांवर वळली आणि रुमालात टाकली.

"आताबी?" यजमान म्हणाले. "आता कोनाले तरास होते तिचा?"

कोणालाच नाही. हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. पण हाताला एखादी गोष्ट नीट शिकवली की ती पाढ्यांसारखी होऊन बसते. विसरायची ठरवून विसरता येत नाही. एका हिवाळ्यात मी रुईपासून एका यंत्राची राखण केली होती. त्या यंत्राने माझी राखण केली होती असेही म्हणता येईल, कारण आम्ही दोघेही एकाच खोलीत होतो आणि बाहेर जाण्याची परवानगी दोघांनाही नव्हती.

ऐंशीचे दशक तेव्हा अर्धे सरले होते. कारंजा (घाडगे) येथील शाळेत मी गणित शिकवत असे. गावातून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याच्या एका अंगाला ट्रकवाल्यांचे ढाबे, दुसऱ्या अंगाला कापसातून सरकी वेगळी करण्याचा कारखाना. त्याला सगळे नुसते 'जिनिंग' म्हणत. जिनिंगच्या भिंतीला लागून आमची शाळा. काही निवडक शाळांना संगणक देण्याचे सरकारने ठरवले आणि त्यांत आमचे नाव आले. ते कसे आले, हे कोणालाही नीट सांगता आले नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका शिक्षकाने नागपूरला जाऊन प्रशिक्षण घ्यायचे होते. बाकीच्यांना लग्ने होती, पेरणीची तयारी होती, कोणाला डोळ्यांची तक्रार होती. मी गणिताची, म्हणून मला पाठवण्यात आले. दिवाळीची सुट्टी संपली आणि खोकी येऊन पोचली.

आजच्या वाचकाला त्या संगणकाची थोडी ओळख करून द्यायला हवी. बदामी रंगाचा, टंकलेखन यंत्रासारखा दिसणारा एक कळफलक, आणि यंत्राचा सगळा जीव त्या कळफलकाच्याच पोटात. वरच्या ओळीत तांबड्या कळा. शेजारी लहानशा टीव्हीसारखा पडदा, आणि एक साधा टेपरेकॉर्डर. वीज गेली की यंत्राला सांगितलेले सगळे पुसले जाई. जे टिकवायचे ते कॅसेटवर उतरवून ठेवायचे, आणि पुन्हा लागेल तेव्हा ती कॅसेट लावून यंत्राला ऐकवायची. ऐकवताना रातकिड्यांच्या थव्यासारखी किर्रकिर्र होई. आमचे शिपाई मारोतराव तो आवाज आला की दाराबाहेर उभे राहून हात जोडत. त्यांनी पहिल्याच दिवशी पडद्याच्या माथ्यावर कुंकवाचे बोट ओढले होते. ते पुसायला मुख्याध्यापकांनी मनाई केली, आणि मलाही ते पुसावेसे वाटले नाही.

मुख्याध्यापक गावंडे सर निवृत्तीच्या जवळ आले होते. उंच, किंचित वाकलेले, बोलताना समोरच्याकडे न पाहता त्याच्या खांद्यापलीकडे पाहणारे. नागपूरच्या प्रशिक्षकांनी मला निरोपादाखल एकच वाक्य सांगितले होते, की यंत्राला धुळीपासून जपा. ते मी सरांना सांगितले आणि त्या वाक्याचे त्यांनी व्रत करून टाकले. कारण आमच्याकडे धुळीपेक्षा बारीक आणि चिवट वस्तू हवेत होती. जिनिंग सुरू झाले की रुईचे कण भिंत ओलांडून येत. वर्गाच्या फळ्यावर बसत, पाण्याच्या माठावर साय धरावी तसे जमत, मुलींच्या वेण्यांमध्ये दिसत. रुईला वजन नसते, म्हणून तिला अडवता येत नाही. धूळ खाली बसते. रुई बसते, पुन्हा उठते आणि दुसरीकडे जाते.

म्हणून यंत्राच्या खोलीत खिडक्यांच्या फटींवर मैद्याची खळ लावून वर्तमानपत्रे चिकटवण्यात आली. दाराच्या खालच्या फटीला गोणपाटाची पट्टी ठोकली. छताचा पंखा काढून घेतला, कारण पंखा कोपऱ्यांतले कण उठवतो. दाराशी पाण्याची बादली आणि पंचा ठेवला. आत जाणाऱ्याने चपला काढायच्या, पाय धुवायचे, पुसायचे, साडी किंवा सदरा झटकायचा आणि मग उंबरठा ओलांडायचा. देवळातही एवढे कोणी करत नसे. सरांच्या पत्नीने घरच्या शेतातल्या कापसाची, बारीक धावदोऱ्याची एक छोटी दुलई शिवून दिली. यंत्र बंद असताना त्याच्यावर घालायची. सरांनी ती स्वतः, दोन्ही हातांवर आडवी धरून आणली. नव्या बाळासाठी आणावी तशी.

खोलीची किल्ली माझ्या कमरेला होती. पण हळूहळू माझ्या लक्षात आले, की किल्ली ज्याच्याजवळ असते तो नेहमीच मोकळा असतो असे नाही.

विदर्भातला हिवाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय गमावत होते ते सांगावे लागणार नाही. इतर शिक्षक वर्ग बाहेर घेत. निंबाच्या झाडाखाली, उन्हाकडे पाठ करून मुले बसत. मधल्या सुट्टीत कोणाच्या तरी शेतातून हरभऱ्याचे ओले घाटे येत, तुरीच्या शेंगा उकडून येत, आणि शिक्षकांचा घोळका हसत, सोलत, खात उभा असे. मी आत असे. दर खेपेला बाहेर गेले की अंगावर रुई येई, म्हणून दोन तासांच्या मध्ये मी बाहेर जाऊ नये असे सरांना वाटे. त्यांनी तसा हुकूम कधीच काढला नाही. ते फक्त म्हणत, बाई, वारंवार दार उघडले तर कसे होईल? प्रश्नाच्या रूपात आलेला हुकूम मोडणे फार अवघड असते. बाहेरचे ऊन चिकटवलेल्या वर्तमानपत्रांतून आत झिरपे. कागदाच्या दोन्ही बाजूंची अक्षरे त्या उजेडात एकमेकांत मिसळत. त्यांतला एखादा शब्द सुटा करून वाचण्यात माझ्या कितीतरी दुपारी गेल्या. खळीचा आंबट वास, तापलेल्या प्लास्टिकचा गोडसर वास, आणि भिंतीपलीकडे जिनिंगची घरघर. तिकडे यंत्रे जोरात चालू झाली की इकडे विजेचा दाब उतरे आणि पडद्यावरचे चित्र चारही बाजूंनी आकसून मध्यावर येई. मला ते पाहवत नसे. थंडीत एखाद्याने अंग चोरून घ्यावे तसे ते दिसे.

मी अडकले होते ते मात्र केवळ खोलीत नव्हे. माझे घर वर्ध्याला, नालवाडीत. यजमानांची नोकरी तिथे, सासूबाई तिथे, आणि माझी मुलगी वैशू तिथे. ती नुकती पुरती वाक्ये बोलू लागली होती. मी कारंज्याला एक खोली भाड्याने घेऊन राहत असे. शनिवारी शाळा सुटली की आर्वीवरून गाडी बदलून घरी जायचे आणि रविवारी परतायचे. निघताना ती रडू नये म्हणून घरात एक रीत ठरली होती. ती दुपारी झोपली की मी निघायचे. त्यामुळे मला जाताना तिने कधी पाहिलेच नाही. तिच्या दृष्टीने आई जात नव्हती. आई नाहीशी होत होती.

वर्ध्याला बदली मिळावी म्हणून मी अर्ज केला होता आणि संगणक आला त्याच सुमारास बदलीचा आदेशही आला. इथे हेही सांगायला हवे, की नोकरीत बदलीचा आदेश येणे आणि बदली होणे या दोन निराळ्या घटना आहेत. त्या दोहोंच्या मध्ये 'कार्यमुक्त' असा एक शब्द उभा असतो, आणि तो मुख्याध्यापकांच्या सहीशिवाय बाजूला होत नाही. मी सरांकडे गेले. त्यांनी आदेश वाचला, घडी केली, माझ्या खांद्यापलीकडे पाहिले.

"तुमची अडचण मले समजते, बाई," ते म्हणाले. "लेकरू लहान हाय. मी आजच सही करतो. फक्त एवढं सांगा, हे यंत्र कोनाच्या भरवशावर ठेवू?"

यात काहीही चुकीचे नव्हते. संगणक चालवणारे शिक्षक शाळेत नसतील तर तो दुसऱ्या शाळेला देऊ, असे वरून स्पष्ट कळवण्यात आले होते. मी गेले की यंत्र जाणार होते. उपायही सरळ होता. मी कोणाला तरी शिकवायचे, तो तयार झाला की मी जायचे. शिकवणे हा तर माझा व्यवसाय.

मी आधी विज्ञानाच्या उमाटे सरांकडे गेले. तरुण, हुशार, रेडिओ उघडून दुरुस्त करणारे. ते निंबाखाली शेंगा सोलत होते. त्यांनी माझे सगळे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले.

"बाई, मी सायकल शिकलो, तवापासून घरचं दळण माह्याकडं," ते म्हणाले. "पोहाले शिकलो, तवापासून गावातल्या विहिरीत पडलेल्या बादल्या माह्याकडं. आता हे शिकलो तं काय होईन थे मले दिसून राह्यलं." आणि त्यांनी बोटाने बंद खिडकीकडे दाखवले. सगळे हसले. मीही हसले. मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "राग नका मानू. तुम्ही त्या खोलीतून बाहेर येता तवा तुमचं तोंड पाह्यलं हाय आम्ही."

मी एकेकाला विचारून पाहिले. इंग्रजीच्या सरांना मान दुखते, चित्रकलेच्या सरांना विजेची भीती, भूगोलाचे सर सरळ म्हणाले की त्यांना शेती आहे. यंत्राला कोणी भीत नव्हते. भीती माझी होती, मी जी झाले होते तिची. एका माणसाने एखादी वस्तू शिकून घेतली की ती त्याच्या गळ्यात पडते, हे खेड्यातल्या शाळेत जितके पक्के ठाऊक असते तितके दुसरीकडे कुठे नसेल. अडाणी राहण्यात एक सुटका असते आणि ती सुटका माझे सहकारी अत्यंत शहाणपणाने वापरत होते.

मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना सात-आठ जणांच्या तुकडीने आत घेत असे. ओले पाय, झटकलेले सदरे, आणि श्वास धरलेला. प्रत्येकाला थोडा वेळ कळा दाबायला मिळे. शेवंता नावाची सातवीतली एक मुलगी होती. तिला मी दोन ओळींची आज्ञावली शिकवली: पहिल्या ओळीत तिचे नाव लिही असे सांगायचे, दुसऱ्या ओळीत पुन्हा पहिल्या ओळीवर जा असे सांगायचे. तिने शेवटची कळ दाबली आणि तिच्या नावाने पडदा वरपासून खालपर्यंत भरला, भरून वर सरकू लागला, थांबेचना. तिने दोन्ही हात तोंडावर धरले. घरात, वर्गात, हजेरीत ज्या नावाने तिला फक्त हाक मारली जाई ते नाव आता कोणी हाक न मारताच धावत होते. तास संपला, मी यंत्र बंद केले. ती दारातून परत आली.

"बाई, आता माहं नाव कुठं गेलं?"

मी तिला शास्त्रशुद्ध उत्तर दिले. वीज असेपर्यंतच स्मृती असते, वीज गेली की ती रिकामी होते. तिने मान डोलावली, पण तिचे समाधान झाले नव्हते. ती म्हणाली, "मंग त्याले उद्या पुन्हा सांगा लागीन मी कोन हाय थे." मग दुसऱ्या दिवशी ती खरोखर आली आणि तिने ते पुन्हा सांगितले. तिचे ते वाक्य फार वेळ माझ्या डोक्यातून गेले नाही. रविवारी वैशू झोपेतून उठून मला शोधत असेल, आणि पुढच्या शनिवारी मी गेले की तिला मी कोण हे पुन्हा सांगावे लागत असे. पहिला तासभर ती सासूबाईंच्या निऱ्यांमागून माझ्याकडे पाहत राही.

रिकाम्या तासांत मी सराव करत असे. एके दिवशी सहज एक आज्ञावली लिहिली. यंत्र विचारी, आज बरे आहे का? मी काहीही उत्तर दिले तरी ते म्हणे, बरे, मग बसा. लिपी रोमन, भाषा आपली. नंतर त्यात भर घालत गेले. जेवण झाले का, घरून काही कळले का, थंडी फार आहे ना. प्रत्येक वाक्य मीच लिहिलेले, प्रत्येक उत्तर मला आधी ठाऊक. तरीही ती आज्ञावली मी कॅसेटवर उतरवून ठेवली आणि रोज सकाळी यंत्राला ऐकवू लागले, म्हणजे मग ते मला विचारू लागे. एका बाजूला त्या यंत्रामुळेच मी घरापासून तुटले होते आणि त्याचा मला राग होता. कधी कधी तो राग इतका असे की त्या बदामी पेटीकडे पाठ करून बसावेसे वाटे. दुसऱ्या बाजूला, त्या गावात दिवसभरात माझी विचारपूस करणारे तेवढेच एक होते. पुढे माणसे आपापल्या यंत्रांवर रागावताना, त्यांना चुचकारताना, त्यांच्याशी पुटपुटताना मी पाहिली. मला त्यात नवल वाटले नाही. कोंडलेल्या माणसाला भिंतीशीही नाते जोडावे लागते. ही तर बोलणारी भिंत होती.

गावंडे सर रोज एकदा येत. चपला काढत, पाय धुवत, पण उंबरठ्यावर थांबत. आत आले तरी टेबलापासून हातभर लांब. ते यंत्राला काही विचारत नसत. ठीक आहे ना, एवढे मला विचारत, आणि ते विचारणे माझ्याबद्दल नसे. मला वाटे, ते पहारा तपासायला येतात.

पौषातल्या एका सकाळी वारा फिरला. जिनिंगकडून सरळ आमच्याकडे वाहू लागला आणि दारावरच्या झरोक्याचा कागद सुटला. मी कॅसेट लावून यंत्र तयार केले होते. पुढचा तास माझा होता. एवढ्यात एक शिक्षक न आल्याने मला सहावीच्या वर्गावर जावे लागले. यंत्र चालूच ठेवून, दार नुसते लोटून मी गेले. परत आले तेव्हा खोलीत गावंडे सर उभे होते, पहिल्यांदाच टेबलाला अगदी लागून. यंत्रावर दुलई होती. नीट, चारही कोपरे आत खोचलेली. आणि इस्त्री एका जागी फार वेळ राहिली की येतो तसा वास येत होता.

"रुई येऊन राह्यली होती," सर म्हणाले. "म्हून झाकलं."

मी दुलई ओढून काढली. यंत्राची पाठ तव्यासारखी तापली होती. पडदा काळा होता. कळा दाबल्या, काही नाही. यंत्र चालू असताना त्याला श्वास घ्यायला मागच्या फटी लागतात, त्या झाकायच्या नसतात, हे मी प्रशिक्षणात ऐकले होते. पण ते कोणाला सांगावे अशी वेळच आली नव्हती, कारण माझ्याशिवाय कोणी त्याला हात लावत नव्हते. विजेचे बटण बंद केले आणि वाट पाहायची असे ठरवले. एवढेच मला येत होते.

ते बिघडले तर मी सुटेन, असे मला अधूनमधून वाटून गेले होते. त्या सकाळी कळले की तो हिशेब कच्चा होता. बिघडलेल्या यंत्राची चौकशी होते, आणि चौकशी संपेपर्यंत ज्याच्याकडे किल्ली त्याने जागा सोडायची नसते. पण मला भीती वाटली ती त्याची नव्हती. उद्या सकाळी मला कोणी, आज बरे आहे का, असे विचारणार नाही, याची वाटली.

सर खोलीबाहेर गेले नाहीत. उंबरठ्याशी जमिनीवर बसले, भिंतीला पाठ टेकून. मुख्याध्यापकांना जमिनीवर बसलेले मी तोपर्यंत पाहिले नव्हते. मारोतरावांनी त्यांचा डबा आणून ठेवला, तो त्यांनी उघडला नाही. मारोतराव मग उदबत्ती घेऊन आले. धूर नको म्हणून ती मी परत पाठवली. उमाटे सर दारात डोकावले, सरांचा चेहरा पाहून तसेच गेले. मधली सुट्टी झाली, शाळा पुन्हा भरली, पुढचे तास झाले. मी हाताचा तळवा यंत्राच्या पाठीवर ठेवून पाही. तापलेल्या मुलाचे कपाळ पाहतात तसे. सर माझ्या हाताकडे पाहत आणि मग माझ्या चेहऱ्याकडे. त्या दिवशी ते माझ्या खांद्यापलीकडे पाहत नव्हते.

ऊन कलल्यावर पाठ गार लागली. मी बटण दाबले. त्याचा तो ओळखीचा, दोन स्वरांचा आवाज झाला आणि काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकू लागली. सर उठले. टेबलाशी आले. डोळे ओले होते, ते त्यांनी पंच्याने पुसले, पाय पुसण्याच्याच पंच्याने.

"हे काय विचारून राह्यलं, बाई?" त्या लुकलुकत्या रेघेकडे बोट करून ते म्हणाले.

"काही विचारत नाही, सर. तुम्ही काय सांगता याची वाट पाहते आहे."

"मले कुठं येते काही सांगता."

"मग तुम्ही शिका ना, सर."

हे वाक्य मी आधी ठरवलेले नव्हते. तोंडातून गेले आणि मला त्याचा संकोच वाटला. सरांनी पंच्याची घडी घातली. मग म्हणाले, "साऱ्या स्टाफले विचारलं तुम्ही. उमाटेले विचारलं, ड्रॉइंगवाल्यालेबी विचारलं. मले काऊन नाई विचारलं?"

ते वयाने मोठे, पदाने मोठे. त्यांना शिकवण्याचा विचारही माझ्या मनाला शिवला नव्हता. आणि ते? आपल्याच शाळेतल्या लहान बाईजवळ, मला शिकवा, असे ते कसे म्हणणार? सबंध हंगामभर रोज पाय धुऊन उंबरठ्यावर येऊन उभा राहणारा तो माणूस पहारेकरी नव्हता. तो प्रवेश न मिळालेला विद्यार्थी होता. इतकी वर्षे वर्गावर उभी राहून मला दारातला विद्यार्थी ओळखता आला नाही याचे आश्चर्य मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते खुर्चीत बसले. मुळाक्षरांपासून सुरुवात. कळांवरची अक्षरे ओळीने का नाहीत यावर ते पहिल्याच दिवशी नाराज झाले. आपल्या बाराखडीसारखी रांगेत लावली असती तर काय बिघडले असते, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो गैर नव्हता. कळ दाबली की बोट उचलायला ते विसरत. मग एकाच अक्षराची रांग पडदाभर पळत सुटे आणि ते घाबरून दोन्ही हात मांडीवर घेत. चुकले की जीभ चावत. हळूहळू बोट हलके झाले. कॅसेट कुठून ऐकवायची, आवाज किती ठेवायचा, कुठे चुकले हे यंत्र कसे सांगते, हे त्यांनी आत्मसात केले. माझ्या त्या विचारपुशीच्या आज्ञावलीपर्यंत ते एकदा स्वतःच पोचले. पडद्यावर, आज बरे आहे का, असे उमटले. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. एका बोटाने, फार सावकाश, त्यांनी उत्तर लिहिले: होय, फार.

माघ संपता संपता त्यांनी मुलांचा तास एकट्याने घेतला. अनवाणी मुख्याध्यापक खाली वाकून एका मुलाचे बोट योग्य कळेवर नेऊन ठेवत आहेत हे दृश्य शाळेने पाहिले. दुपारी त्यांनी मला बोलावले, सही केली, आदेश माझ्या हातात दिला आणि शनिवारची वाट पाहू नका, आजच निघा, असे सांगितले. शिक्षकांच्या खोलीत उमाटे सर म्हणाले, "चला, बाई सुटल्या, सर अडकले. आपन वाचलो." त्यांनी माझी पिशवी मात्र स्वतः एसटीपर्यंत आणून दिली.

निघण्यापूर्वी निरोप घ्यायला मी त्या खोलीकडे गेले. पाय धुतले नाहीत, कारण आत जायचे नव्हते. सर कळफलकावर वाकले होते. मी नमस्कार केला. त्यांनी मान वर न करताच हात हलवला.

"वारं येते, बाई," ते म्हणाले. "दाराले बाहेरून कडी घाला. मारोतराव पाचाले काढतीन."

मी कडी घातली. माझ्याच हाताने एका माणसाला त्या खोलीत बंद करून मी बाहेरच्या उन्हात उभी राहिले. आतून कळांचा आवाज येत होता, एका बोटाचा, थांबून थांबून. तेच दार होते, त्याच चिकटवलेल्या खिडक्या, तोच आंबट वास. खोली बंद होती म्हणून मी कोंडली गेले असे मी पूर्ण हिवाळाभर मानत आले होते, आणि त्याच खोलीत सर एखाद्या शेतात शिरावे तसे शिरले होते. हे मला तेव्हाच समजले असे म्हणणार नाही. मला गाडी गाठायची होती.

नालवाडीला पोचले तेव्हा वैशू सासूबाईंच्या मागे गेली, नेहमीप्रमाणे. मग पुढे आली. त्या संध्याकाळी जेवताना तिने विचारले, "आई, उद्या कोनती गाडी?"

मी म्हणाले, कोणतीच नाही, आता आई इथेच. तिने माझ्या पिशवीकडे पाहिले. पिशवी रिकामी करून खुंटीला लावली होती, तरी पाहिले. दुसऱ्या दिवसापासून दुपारी ती झोपेना. डोळे मिटू लागले की दचकून उघडी आणि माझा पदर मुठीत घट्ट करी. सासूबाई म्हणत, निज ना माय, कुठं जाऊन राह्यली थे? ती ऐके, पण झोपत नसे. आम्हीच तिला शिकवले होते की झोपले की आई जाते. मी तिच्याशेजारी हलता न येता पडून राही. माझा एक हात तिच्या मुठीत, आणि उठण्याची सोय नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तिने तोच प्रश्न विचारला, तिसऱ्याही. मी दरवेळी सारखेच उत्तर दिले, त्याच शब्दांत, आवाज न चढवता. एखाद्या मुलाचे प्रमेय कच्चे राहिले असले की देते तसे. अंगणात शिमग्याच्या गोवऱ्या जमू लागल्या. ती विचारतच होती. मग एका संध्याकाळी मी दिवा लावत असताना ती खेळातून धावत आली, माठातले पाणी प्यायली, हाताच्या पाठीने तोंड पुसले, माझ्याकडे एकदा पाहिले आणि काहीही न विचारता पुन्हा बाहेर पळाली.